खंडू तांडेलाची झिंग

"वय काय तुमचं?" सूरजने विचारलं.

समोरच्या माणसाच्या मिशा पांढऱ्याशुभ्र होत्या. त्याने मागे वळून पाहिलं, कारण हा प्रश्न आपल्याला असेल असं त्याला वाटलंच नाही. मागे कोणी नव्हतं.

"मना नातू हाय," तो म्हणाला.

"नातवाचं नको, तुमचं सांगा. व्हिस्कीला पंचवीस पूर्ण लागतात. परवाना आहे ना? नसेल तर एक दिवसाचा फाडतो. आणि जेवलात का?"

पलीकडच्या खुर्चीवर रघूशेठने कपाळाला हात लावला. बंदराच्या रस्त्यावरची 'सागरतारा' परमिट रूम त्याने इतकी वर्षं एकाच नियमावर चालवली होती. गिऱ्हाईक आपल्या पायांनी दाराबाहेर पडलं पाहिजे, पुढे ते आणि त्याचं नशीब. पण मध्यंतरी हॉटेलवाल्यांच्या संघटनेने 'दारू जबाबदारीने कशी विकावी' याचा एक दिवसाचा वर्ग घेतला. दुपारची झोप मोडू नये म्हणून शेठने आपल्याऐवजी मॅनेजर सूरजला पाठवलं आणि तिथेच घात झाला.

सूरज ऐकलेलं मनावर घेणारा माणूस. तो सगळं पाठ करूनच परत आला. वय पाहिल्याशिवाय द्यायची नाही. रिकाम्या पोटी द्यायची नाही. पेगबरोबर पाण्याचा ग्लास ठेवायचाच. आणि जो आधीच झिंगलेला आहे त्याला तर एक थेंब द्यायचा नाही, पण त्याच्याशी भांडायचंही नाही. गोड बोलायचं, काहीतरी खायला घालायचं आणि सुखरूप घरी पोचवायचं. झिंगलेला ओळखायचा कसा, हेही वर्गात सांगितलं होतं. चाल डुलते, डोळे लाल असतात, आवाज चढतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि अनोळखी माणसावर एकाएकी माया करू लागतो.

सूरज मूळचा पोफळीचा. वडील कोयनेच्या वीजघरात, त्यामुळे लहानपणी त्याने पाहिलेलं पाणी बहुतेक नळांतून आणि बोगद्यांतून जाणारं. नोकरीसाठी रत्नागिरीत आला तेव्हा त्याने समुद्र पहिल्यांदा नीट पाहिला, आणि तेव्हापासून तो अर्धा तिकडेच असायचा. गल्ल्यासमोरच्या खिडकीतून दोन गोष्टी दिसत. डावीकडे समुद्राची एक निळी पट्टी आणि उजवीकडे रस्त्यापलीकडचं औषधांचं दुकान. दोन्हीकडे तो सारख्याच डोळ्यांनी बघत बसे.

औषधांच्या दुकानात ऋतिका होती. तीसुद्धा दिवसभर लोकांना नाही म्हणत असे. "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग देते," हे तिचं वाक्य रस्ता ओलांडून सूरजच्या कानावर येई आणि त्याला ते गाण्यासारखं वाटे. दोन गल्ल्यांवरून दोन माणसं दिवसभर नकार देत बसली, तर त्यांचं कधीतरी जमणारच. जमलं. अडचण एकच होती, ऋतिकाची आई कमळा.

"बाबांचं मी बघते," मांडवीच्या जेटीवर शेंगदाणे खाताना ऋतिका म्हणाली होती. "ते बोटीवरून आले की तयार होतील. पण आईच्या वडिलांनी अख्खं घर दारूत घातलं. बारवाल्याला मुलगी द्यायची नाही, असं तिने सगळ्या वाडीला सांगून ठेवलंय. ती नाही म्हणाली तर मी पळून वगैरे येणार नाही हां, आधीच सांगते."

सूरज बोटांतला शेंगदाणा बघत राहिला. आपलं सगळं आयुष्य एका बाईच्या होकारावर टांगलं आहे आणि त्या बाईने आपल्याला अजून पाहिलेलंही नाही, या विचाराने त्याला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

ऋतिकाने त्याला एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. फोनवर वडिलांनी तिला बजावलं होतं, "मी पोराला बघाया येतंय तो गपचूप येतंय. सांगून गेला तर मानूस इस्तरी करून बसतो. आणि आवशीला तुझ्या बोलू नको."

त्या दिवशी दुपार कलली होती. समुद्राची पट्टी उन्हाने इतकी चकाकत होती, की सूरजला आपण आणि आपलं हॉटेल दोन्ही तिच्यावरून हळूहळू कुठेतरी चाललो आहोत असं वाटत होतं. इतक्यात दारातून एक माणूस आत आला. तो एकदा उजवीकडे गेला, मग डावीकडे आला, आणि जवळच्या खांबाला धरून थांबला.

"तू सूरज काय रे?" तो ओरडला. सगळं हॉटेल वळून बघू लागलं.

"हो काका. बसा ना."

"आं?"

"बसा!"

"तू सूरज काय?"

सूरज खडबडून जागा झाला. डुलती चाल, चढलेला आवाज, तोच प्रश्न पुन्हा. त्याने डोळे पाहिले. भाजलेल्या सुरमईच्या मसाल्यासारखे लाल.

आता किनाऱ्यावरच्या कोणत्याही शेंबड्या पोराने सांगितलं असतं, की हा माणूस थेट बोटीवरून उतरून आला आहे. आठवडाभर खोल समुद्रात राहिलं की पायांखालची जमीन दोन दिवस तरी हलतच राहते. खारा वारा आणि जागरण यांनी डोळे तांबारतात, आणि जन्मभर इंजिनाशेजारी उभं राहून कान इतके जातात की माणूस बायकोशीसुद्धा ओरडूनच बोलतो. पण पोफळीच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? वर्ग घेणारे गृहस्थही पुण्याचे होते.

बोट हाकणारा खंडू तांडेल बसला आणि त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. "तुमची जमीन हालतंय रे," तो प्रेमाने म्हणाला.

"काका, काय घेणार?" सूरजने परीक्षा पाहिली.

"मना काय नको. मी पीत नाय. उभ्या जन्मात थेंब नाय घेतला."

हेही वर्गात सांगितलं होतं. खरा झिंगलेला आधी हेच म्हणतो.

"मग इकडे कसं येणं केलंत?"

"तुला बघाया."

"मला?"

"व्हय. बरा दिसतंस. तोंडावर पाप नाय." खंडूने हात लांब करून त्याच्या गालाला लावायचा प्रयत्न केला, तो कानाला लागला. "आयबाप कुठं असतात तुझे? सुखी हायत मां?"

अनोळखी माणसावर एकाएकी माया! सूरजची खात्री पटली. खाली वाकून त्याने हळूच वास घेतला, पण मासळीच्या त्या दरवळात दारूचं पिंप लपलं असतं तरी कळलं नसतं. त्याने मऊ आवाजात लिंबू सरबत आणि उकडलेली अंडी मागवली. खंडूला हे फार आवडलं. बारमध्ये बसून पोरगा म्हाताऱ्याला सरबत पाजतो, म्हणजे घरंदाज असला पाहिजे. त्याने मनातल्या मनात मुलगी देऊन टाकली आणि समाधानाने उठला.

उठला तो शेजारच्या टेबलावर कोसळला. तिथल्या गिऱ्हाइकाचा रमचा ग्लास त्याच्या सदऱ्यावर पालथा झाला.

"काही हरकत नाही काका," सूरज म्हणाला, आणि त्याने दोन वेटरांना खूण केली. दोघांनी खंडूला काखेत धरून उचललं.

"सोडा! अरे सोडा मना! मी तांडेल हाय!"

"हो काका, तुम्हीच कॅप्टन. चला, सावकाश."

जेटीवरचा लिलाव नुकताच आटपला होता. पाट्या घेऊन निघालेल्या बायका रस्ताभर होत्या, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रमने भिजलेला एक माणूस 'सागरतारा'च्या पायऱ्यांवरून उचलून रिक्षात बसवण्यात आला. सूरजने पदरचं भाडं दिलं आणि रिक्षावाल्याला बजावलं, "दारात सोडून यायचं नाही. घरच्या माणसांच्या ताब्यात द्यायचं."

रिक्षा सुरू झाली तशी एक बाई पाटी सावरत किंचाळली, "अगो बाय! खंडू तांडेल!"

ऋतिकाच्या वडिलांचं हे नाव सूरजने तिच्याकडून कितीदा तरी ऐकलं होतं. त्याने समोर पाहिलं. औषधांच्या दुकानाच्या पायरीवर ऋतिका उभी होती, हातात कोणाचं तरी खोकल्याचं औषध.

"कोणाला बाहेर काढलंस, कळलं का तुला?" रस्ता ओलांडून आल्यावर ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती रडते आहे की हसते आहे हे तिचं तिलाही ठरवता येत नव्हतं.

"ते झिंगलेले होते..."

"ते बोटीवरून आले होते, सूरज! माझे बाबा बडीशेपसुद्धा जपून खातात!"

सूरज पायरीवरच बसला. जबाबदारीने वागून माणसाचं एवढं वाटोळं होत असेल, तर बेजबाबदार लोक काय मजेत असतील, असं त्याला वाटून गेलं.

तिकडे रिक्षावाल्याने आपलं काम चोख केलं. कमळा अंगणात सुकटीवरून कावळे हाकत होती. "बारमदनं आनलाय," तो साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "भाडा दिलाय तिकडनं. तुमच्याच ताब्यात द्यायला सांगितलान." शेजारची यमुनाबाई कुंपणावर आली, तिच्यामागून आणखी चार डोकी आली. कमळाने नवऱ्याच्या सदऱ्याचा वास घेतला आणि ती आत निघून गेली. खंडूला खरं सांगायचं होतं. पण खरं सांगायचं तर आपण तुझ्या चोरून जावई बघायला बारमध्ये गेलो होतो, हेही सांगावं लागणार. तो ओटीवर बसून डुलत राहिला.

संध्याकाळी सूरज त्या अंगणात उभा होता. बरोबर रघूशेठ होता, कारण तांडेलाच्या अपमानापायी सगळ्या बोटींची माणसं आपलं दार सोडतील या भीतीने त्याची दुपारची झोप उडाली होती. ऋतिका दाराशी उभी होती. कुंपणावर वाडी होतीच. सूरजने ठरवलं होतं, काका पूर्ण शुद्धीत होते, गाढव मीच, असं सर्वांसमोर सांगायचं आणि निघायचं. पुढे लग्न नाही तर नाही.

"तूच काय यांना बाहेर काढलास?" कमळाने विचारलं.

"हो. पण काकू..."

"द्यायची नाय बोललास? सरबत पाजून रिक्षात बसवलास? पदरच्या पैशानं?"

"हो, पण माझं चुकलं. काका तर..."

"माज्या बापाला रोज कोनीतरी द्यायचा," कमळा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "रोज. मग गटाराच्या कडेला टाकून जायचे. आय नि मी कंदील घेऊन शोधाया जायचो. येकानं, कधीतरी येकानं नाय बोलला असता त्याला..."

ऋतिकाने पदराचं टोक तोंडात धरावं तशी ओढणी धरली. खंडूने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुलीच्या. सूरज पुन्हा तोंड उघडतो आहे हे दिसताच तो अशा आवाजात बोलला, की कुंपणावरची दोन डोकी खाली गेली.

"मी प्यालेलो होतो!"

"काका, पण तुम्ही..."

"तू गप रव! तुला काय ठाव? मी लय प्यालेलो होतो!"

"काय प्यालात?" कमळाने विचारलं.

खंडू अडकला. "ती... तांबडी."

"रम, वहिनी, रम," रघूशेठने हात दिला. मग कमळाने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो घाईने म्हणाला, "आमच्याकडे नाही हां. दुसरीकडे कुठंतरी."

कमळाने पदराने डोळे पुसले. मुलगी द्यायची तर असल्याच पोराला, असं तिने वाडीला ऐकवलं. मात्र नवऱ्याने देवासमोर दारू सोडल्याची शपथ घेतली पाहिजे आणि रविवारच्या व्यसनमुक्तीच्या सभेत चार माणसांसमोर बोललं पाहिजे. जन्मात न धरलेली गोष्ट खंडूने त्याच संध्याकाळी सोडली. सूरजच्या नमस्काराकडे मात्र त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सगळे गेल्यावर कमळाने नवऱ्यापुढे चहा ठेवला.

"बोटीवरनं उतरलात की दोन दिस डुलताव," ती म्हणाली. "लगीन झाल्यापासनं बघतंय मी. मना कळत नाय?"

"मंग?" खंडूचा चहा सांडला. "मंग मगाशी तो सगळा काय चाललेला?"

"बापाचा बोलले तो खराच बोलले. पोरगा मना तिथंच आवडला. पन वाडीभर सांगून ठेवलेला मी, बारवाल्याला देनार नाय. आता पलटाया काय कारन नको?"

"नि ती शपथ? ती सभा?"

"ती आता करायलाच लागंल. वाडीनं ऐकलाय."

रविवारी देवळाच्या सभामंडपात खंडू तांडेल उभा राहिला. पाहुण्या वक्त्यांनी त्याला विचारलं, की दारू प्यायल्यावर नेमकं काय होतं ते मनमोकळं सांगा, म्हणजे तरुणांना धडा मिळेल. खंडूला फक्त एकच गोष्ट ठाऊक होती, तीच त्याने डोळे मिटून सांगायला घेतली.

"पाय असतात, पन खाली जमीन नसतंय," तो म्हणाला. त्याचा चढा आवाज नकळत खाली आला. "कोनीतरी झुलवतंय येवढाच कळतंय. आय पाळन्यात झुलवतंय तसा. गार वारा असतंय. घर लांब ऱ्हवतंय, दिवे बारीक बारीक दिसतात, नि ते दिवे वर जातात, खाली येतात. कोनाचा राग नाय, कोनाची आठवन नाय. आठवन आली तरी ती गोड लागतंय. मंग कधीतरी वर बगावा तर सगळा आभाळच हळूहळू हालताना दिसतंय..."

सभामंडप एका बाजूला कलल्यासारखा शांत झाला होता. वक्त्यांनी घड्याळात पाहिलं. बायकांमध्ये बसलेली कमळा पदर तोंडाला लावून हसू दाबत होती, आणि तिच्या शेजारी ऋतिका खरोखरच रडत होती. मागे खांबाला टेकून उभा असलेला सूरज मनाने केव्हाच बोटीत जाऊन बसला होता.

सभा सुटली. वाडीतले नेहमीचे चारपाच पिणारे, ज्यांच्यासाठी सभा होती, ते खंडूभोवती गोळा झाले. सगळ्यांचे चेहरे हळवे झाले होते.

"तांडेल," एकाने त्याचा हात धरून हळूच विचारलं, "येवढी वर्षं पितंय, आमाला कधी असा झाला नाय. कुठची घ्यायचात तुमी?"

खंडूने जरा विचार केला. मग त्याने खांबाकडे बोट दाखवलं.

"माज्या जावयाला विचारा," तो म्हणाला. "पन तो द्यायचा नाय."