गौतमअण्णांचं कारवान

गौतमअण्णांसमोर कुणी 'मुधोळ' म्हटलं, की ते चहाचा कप खाली ठेवायचे, उजव्या हाताचं बोट वर करायचे आणि विचारायचे, "मुधोळ गाव बघितलाव का तुमी? हिनं तरी बघितलंय का?"

'ही' म्हणजे त्यांच्या पायाशी बसलेली कुत्री. तांबूस, उंच, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी. सशामागे सुटली की ज्वारीच्या ताटांतून नुसती रेघ दिसते. आमच्या ठाणाकुशनूरहून उदगीरकडे गेलात तर या जातीला कारवान म्हणतात. बीदरकडे गेलात तर मुधोळ. कुत्रं तेच. मधे फक्त राज्याची हद्द.

अण्णा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. रजिस्टरमध्ये 'मुधोळ' दिसलं की ते खोडून 'कारवान' करायचे. डॉक्टर बदलत गेले, खाडाखोड तीच राहिली. एका डॉक्टरांनी त्यांचं पेन काढून घेतलं, तर अण्णा खिशात दोन ठेवू लागले.

"कारवान म्हंजे तांडा," ते सांगायचे. "चालत्या व्यापाऱ्यासंगं हे कुत्रं आलं. बैलासंगं चाललं, मालाची राखण केली. त्याला गाव नव्हतं. मग मुधोळच्या राजानं दोन-चार पाळली, गोऱ्या सायबाला दिली. सायबानं इचारलं, कुठलं? झालं, राजाच्या गावाचं नाव बसलं. चालणारं कोण, अन् नाव कुणाचं!"

हॉटेलातले लोक हसायचे. मी हसत नसे. जयंतीची पत्रकं वाचत मी मोठी झाले आणि आता ती लिहिते. मला या कुत्र्यात आमचीच गोष्ट दिसायची. अण्णांच्या वडिलांचं नाव त्यांच्या आईनं राजाराम ठेवलं होतं. शाळेच्या हजेरीत लिहिलं गेलं उकंडा. उकंडा, म्हणजे उकिरडा. आमच्या माणसाला राजाचं नाव कशाला, असं लिहिणाऱ्याला वाटलं. पुढे धम्म स्वीकारल्यावर त्या बापानं मुलाचं नाव गौतम ठेवलं, आणि शाळेत स्वतः टेबलापाशी उभं राहून, न हलता, ते लिहून घेतलं.

"ज्याच्या हातात पेन त्यानंच नाव ठिवायचं, हे चालणार न्हाई," अण्णा म्हणायचे. हे वाक्य मी दोन पत्रकांत वापरलं आहे.

एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून मी हॉटेलात सगळ्यांना बजावलं, आठवडाभर कारवानच म्हणा. तिसऱ्या दिवशी अण्णा चहा अर्धा टाकून उठले. चुकणारं कुणी नसेल तर त्यांनी बोलायचं कुणाशी? त्यांची बायको वारली होती, मुलगा हैदराबादला. पाचव्या दिवशी हॉटेलवाल्या बसप्पालाच राहवेना. "काय अण्णा, मुधोळ जेवलं का?" अण्णांचं बोट वर गेलं. चेहरा उजळला.

यंदा कुत्रीच्या पायाला जखम झाली. अण्णा तिला भाजीच्या टेम्पोतून बीदरला, मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं कागदावर 'मुधोळ' लिहिलं. अण्णांनी डाव्या हातानं कागद ओढला, उजव्या हातानं पेन काढलं. त्यासाठी कुत्रीची दोरी खाली ठेवली. तेवढ्यात हवाई दलाचं विमान डोक्यावरून गेलं. बीदरची माणसं त्या आवाजाला मानही वर करत नाहीत. कुशनूरच्या कुत्रीनं तो कधी ऐकला नव्हता. नाव खोडून अण्णा वळले, तर ती दोरीसकट गेलेली.

मी पत्रक लिहिलं, मराठीत आणि कन्नडमध्ये: 'कारवान जातीची कुत्री हरवली आहे.' फोटोचा झेरॉक्समध्ये काळा डाग झाला. बीदरच्या आसपासच्या गावांत आम्ही भिंतीभिंतीवर ते चिकटवलं. तीन दिवस एकही फोन नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या दारात. "माय, कागूद बदल. मुधोळ लिही."

"तुम्ही सांगायलाव हे?" मी तडकले. "आयुष्यभराचं तत्त्व असं सोडायचं?"

"तत्त्वाला भूक लागत न्हाई. ती चार दिस उपाशी हाय." मग उंबऱ्याकडे बघत म्हणाले, "दोरी सोडून म्या पेन धरलं, माय. कामून धरलं असंल?"

मी 'कारवान' खोडून 'मुधोळ' लिहिलं. संध्याकाळपर्यंत नवी पत्रकं भिंतींवर गेली.

दुसऱ्याच दिवशी फोन आला आणि अण्णा नि मी लगेच तिकडे गेलो. बीदरजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिला गोठ्यात बांधून ठेवलं होतं. भाकरी घालत होता, पायाला हळद लावली होती. आमचं पहिलं पत्रक त्याच्या समोरच्याच भिंतीवर होतं.

"ते वाचलो की," तो म्हणाला. "पर हे तर मुधोळ हाय. कारवान कुनाचं तरी येगळं असंल म्हनलं."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझा हात दाबला.

"व्हय अप्पा. मुधोळच हाय," ते म्हणाले, आणि त्यांनी कुत्रीच्या मानेत तोंड खुपसलं.

परवा हॉटेलात बसप्पानं सवयीनं विचारलं, "काय अण्णा, मुधोळ सापडलं म्हणं?"

सगळे थांबले. मीही. अण्णांनी डाव्या हातातला कप खाली ठेवला नाही.

"सापडलं," ते म्हणाले.

उजव्या मनगटाला कुत्रीच्या दोरीचे दोन वेढे होते. टोक मुठीत घट्ट धरलेलं.