दुसऱ्या प्रवाशाचं निवेदन

"गाडीत किती जण होते, सर?" विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं.

"दोघं," बजरंग म्हणाला.

"दुसऱ्या प्रवाशाचं नाव?"

"रतनबाई."

"नातं?"

"बायको."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. तेवढ्या वेळात आपण काय बोलून बसलो ते बजरंगच्या ध्यानात आलं. रतनबाईला जाऊन आठ महिने झाले होते. पण जेवायला किती, लग्नाला किती, एसटीची तिकिटं किती, असं कुणीही विचारलं की चौतीस वर्षं त्याच्या तोंडून 'दोन'च निघत आलं होतं. तसंच ते आत्ताही निघालं. 'चुकलं बाई' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तोवर बाईंनी पुढचा प्रश्न टाकला.

"मॅडमना काही लागलं वगैरे नाही ना?"

"तिला काय न्हाई लागलं," बजरंग म्हणाला. हे तर खरंच होतं.

"तुमचा क्लेम नोंदवलाय. आणखी काही मदत करू?"

"न्हाई."

फोन बंद झाल्यावर कार्ला गावातल्या त्याच्या दोन खोल्यांत पुन्हा कसलाच आवाज उरला नाही.

गाडी जुनी होती, पांढरी. रतनबाईचं डावं अंग लुळं पडल्यावर तिला गाडीत बसवणं जमेना, तेव्हा लोणावळ्याच्या वेल्डिंगवाल्या संदेशनं डावीकडची सीट फिरती करून दिली होती. दांडी ओढली की सीट दाराकडे वळायची. तिच्यावर रतनबाईला बसवायचं आणि सीटसकट आत फिरवायचं. "मला काय जात्यावानी फिरवता वो?" असं ती दर खेपेला म्हणायची. ती गेल्यावर सीट काढून टाका म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं. बजरंगनं ती काढली नाही आणि तिच्यावर कुणाला बसूही दिलं नाही. बाजाराची पिशवीसुद्धा तो मागच्या सीटवर ठेवायचा.

अपघात झाला तो पुतण्याच्या, सत्यमच्या बैलांमुळे. जत्रेला चार दिवस राहिले होते आणि बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे पळणारी त्याची घोडी लंगडायला लागली होती.

"आबा, गाडी काढा," सत्यम सकाळीच येऊन म्हणाला. "सरावाला बैलांच्या फुडं कायतरी पळाया पायजे."

"माझी गाडी म्हंजी काय घोडी हाय?"

"घोडी पांढरी, गाडीबी पांढरी. बैलांना काय कळतंय?"

बैलांना खरोखरच कळलं नाही. भाजे गावाच्या अलीकडे शर्यतीचा घाट आहे, चढावर माती दाबून केलेली लांब पट्टी. तिथं पुढे गाडी आणि मागे बैल, अशा दोन फेऱ्या झकास झाल्या. सत्यम खालून हातातल्या घड्याळात बघून नाचत होता. तिसऱ्या फेरीला वर टोकाजवळ माती उखडून झालेला एक खड्डा आला. खड्डा दिसला की रतनबाईला हिसका बसू नये म्हणून बजरंग ब्रेक दाबायचा आणि डावा हात तिच्यापुढे आडवा धरायचा. त्यानं ब्रेक दाबला आणि हात आडवा धरला. बैलांना ब्रेक नसतात. बैल कसेबसे बाजूला वळले, पण मागचा रिकामा गाडा डिकीत घुसला.

बैलांना खरचटलंसुद्धा नाही. डिकी मात्र मागच्या सीटपर्यंत आत आली.

क्लेम नोंदवल्यावर दोन दिवसांनी कंपनीचा मेसेज आला. सत्यमनं तो वाचून दाखवला. दुसऱ्या प्रवाशाचं निवेदन आणि ओळखपत्र पाठवा.

"आबा, काकूचं नाव कसं काय आलं हितं?"

"तोंडातनं गेलं."

"असूंदे. मी दाखला टाकतो काकूचा. गप बसत्याल."

सत्यमनं मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठवून दिला. कंपनी गप बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका माणसानं फोन करून फार गंभीर आवाजात दुःख व्यक्त केलं. दुपारी दुसऱ्यानं पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट मागितला. संध्याकाळी तिसऱ्यानं विचारलं, की माणूस दगावल्याचं तुम्ही पोलिसांना का कळवलं नाहीत?

"आवो, ती आजारानं गेली," बजरंग म्हणाला.

"अपघातानंतर किती दिवसांनी?"

"आदी."

"किती आधी?"

"आठ म्हयने."

पलीकडच्या माणसानं ते टाइप केलं. मग म्हणाला, "सर, मग त्या गाडीत कशा काय होत्या?"

"त्येच तर," बजरंग म्हणाला.

शेवटी कंपनीनं मानसी नावाच्या सर्व्हेअर बाईंना गाडीच्या पाहणीला पाठवलं. त्या मळवली स्टेशनावरून रिक्षानं येणार होत्या. त्या यायच्या आत सत्यमनं बजरंगला पढवून ठेवलं, "गाडी रस्त्याकडंला हुबी व्हती, बैलं उधळली, गाडा यून धडाकला. बास. घाटाचं नाव काढायचं न्हाई. घोडीचं तर न्हाईच न्हाई."

मानसीनं चहूबाजूंनी फोटो काढले. मग डावं दार उघडून ती थांबली.

"आबा, ही सीट कंपनीची नाही."

"न्हाई. संदेशनं केलीया. तिच्यासाठी."

"कागदावर नोंद केली होती का या बदलाची?"

"न्हाई. हितं कोन इचारतंय?"

मानसीनं सीटवरून हात फिरवला. "सीटचं मी बघते. दिव्यांग व्यक्तीसाठी केलेला बदल म्हणून लिहिता येईल. खरं अडलंय ते त्या 'दोघं'पाशी. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. 'अपघाताच्या वेळी मी गाडीत एकटाच होतो.' खाली सही. की फाईल पुढे सरकली."

बजरंग कागद घेऊन ओट्यावर बसला. 'अपघाताच्या वेळी मी गाडीत' इथवर त्यानं लिहिलं आणि पेन थांबलं.

"च्या घेता का तुमी?" तो म्हणाला.

चहा झाला. त्यानं दुसरा कागद घेतला. पुन्हा पेन तिथंच थांबलं.

"प्येन चालंना."

मानसीनं तिचं पेन आणि तिसरा कागद दिला. तेही तिथंच थांबलं. मग बजरंगनं तिला विचारलं, की उन्हातून आलात, गूळपाणी देऊ का. मानसीनं घड्याळ पाहिलं.

सत्यमला राहवेना. "ताई, ह्ये लिवायचीच गरज न्हाई. मीच व्हतो गाडीत. शेजारच्या सीटवर मीच बसलोतो. आबांनी चुकून काकूचं नाव सांगितलं. दोनाचे दोन ऱ्हायले का न्हाई?"

मानसीला ते एकदम पटलं. "मग काय, सोपंच आहे. नुसतं नाव बदलायचं. उद्या पास होईल."

बजरंगनं मान वर केली. "कुटं बसलातास तू?"

"शेजारच्या सीटवर. कागदावर वो, आबा."

"तिच्या सीटवर?"

"आवो, निस्तं कागदावर!"

"कागदावरबी न्हाई," बजरंग म्हणाला. "तितं कुनी बसायचं न्हाई."

त्यानं चौथा कागद ओढला आणि एका दमात लिहिलं, 'अपघाताच्या वेळी मी गाडीत एकटाच होतो.' आठ महिन्यांत जे त्यानं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं ते लिहून झालं आणि मग पेन थांबायलाच तयार होईना. त्यानं लंगडी घोडी लिहिली. पांढरी गाडी लिहिली. तीन फेऱ्या, खड्डा, ब्रेक आणि आडवा धरलेला हात, सगळं लिहिलं. पान पलटलं. सत्यम कपाळाला हात लावून उकिडवा बसला.

मानसीनं कागद वाचला. घोडीपाशी आल्यावर तिनं तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"आबा, मी एक ओळ मागितली होती."

"तेवडीच एकली बरी दिसंना."

मानसीनं पिशवीतून पॉलिसीचं पुस्तक काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शर्यत, वेगाची चाचणी, किंवा पळणाऱ्यांना वेग धरून देण्यासाठी त्यांच्या पुढे गाडी चालवणे, यात झालेलं नुकसान भरून मिळणार नाही.

"सहा वर्षं हे काम करतेय," ती म्हणाली. "हे शेवटचं कुणासाठी लिहिलंय ते मला कधी कळलं नव्हतं."

तरी जाताना तिनं बजरंगचा फोन नंबर लिहून घेतला आणि गूळपाणीही घेतलं.

आठवड्यानं तिचाच फोन आला. बजरंग परसात भांडी घासत होता, एक ताट आणि एक तांब्या.

"आबा, वाईट वाटतंय, पण क्लेम नामंजूर झाला."

"आसंल. तुमचा काय दोष?"

"आणि अजून एक चूक झालीये. तुमचा कागद फायलीला लावला, पण क्लेम नामंजूर झाला की कॉम्प्युटरवरची पहिली माहिती दुरुस्तच करता येत नाही. आमच्या नोंदीत त्या दिवशी गाडीत तुम्ही दोघं होतात, असंच राहणार. तुम्ही लेखी तक्रार दिलीत, तर मात्र वरून बदलून घेता येईल."

बजरंगनं हात धोतराला पुसले. "किती दिस ऱ्हातं त्ये?"

"काय?"

"आमी दोगं व्हतो, त्ये."

"कायमचंच राहतं बहुतेक. म्हणून तर म्हणते, तक्रार द्या."

"न्हाई न्हाई," बजरंग घाईनं म्हणाला. "माजी काय तक्रार न्हाई, ताई. ऱ्हाऊंदे तसंच."

सत्यम कुंपणापाशी उभा होता. "काय म्हनली? मिळत्यात का पैसं?"

"नामंजूर."

"मंग हसताय कशापायी?"

डिकी बांधायला बजरंग दोरी शोधू लागला.