भैय्याजींच्या नळकांड्याची चोरी

"जागेश्वर, नागपुरात गुन्हेगार दोनच गोष्टींना भितो. एक मे महिन्याचं ऊन आणि दुसरा मी. त्यातलं ऊन निदान संध्याकाळी उतरतं."

असं म्हणून रुपराव गुप्तहेरांनी छत्री मिटली. त्यांची सारी नोकरी जकात नाक्यावर गेली होती. पेटीवर नुसती टिचकी मारली की आतला माल ओळखतात, अशी त्यांची ख्याती होती आणि ती त्यांनीच पसरवली होती. टिचकी खरी ठरायची फक्त काटोलच्या पेट्यांवर, कारण संत्र्याला वास येतो.

जागेश्वर त्यांचा मदतनीस. घरचा हातमाग बंद पडला आणि त्याच्या हातात साहेबांची छत्री आली. पण मागावरची एक खोड राहिलीच. धागा तुटला की बोंब मारायची नाही, गुमान त्याचं टोक शोधायचं.

केस होती गांधीबागेतल्या कापडवाल्या भैय्याजींची. युद्ध संपून दोन वर्षं झाली, तरी भैय्याजींच्या बैठकीत ते चालूच होतं. सीमेकडून येणाऱ्या ट्रकवाल्यांकडून त्यांनी रणांगणावरचं काय काय जमवलं होतं: भोक पडलेलं शिरस्त्राण, चेपलेली पाण्याची बाटली, एकच बूट. बुटातला पाय कोणाचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. भाव मात्र विचारला होता. सगळ्यांत मानाचं होतं तोफगोळ्याचं पितळी नळकांडं, हातभर उंच, काजळीनं काळं. ते गल्लीतल्याच देवरावानं आणून दिलेलं. देवराव तोफेवरचा शिपाई, आता सुटून घरी आलेला. भैय्याजींनी त्याला नळकांड्याविषयी सारं विचारून घेतलं, त्याच्याविषयी काहीच नाही.

भैय्याजी दोन दिवस बाहेरगावी गेले, परतले तर नळकांड्याची फळी रिकामी. आणि उद्या कामठीचे एक निवृत्त कर्नल खास ते नळकांडं पाहायला येणार.

"त्याचंच होतं, त्यानंच नेलं," भैय्याजी म्हणाले. "मी पोलिसात जातो."

"नका जाऊ भैय्याजी," जागेश्वर म्हणाला. "सोमवारपासून त्याले शाळेत चौकीदारी लागून राहिली. चौकीदारावरच चोरीचा आळ आला त कोण ठेवते?"

रुपरावांनी फळीला भिंग लावलं. धुळीत एक गोल डाग होता.

"एकच खूण, तीही गोल. चोराला एकच पाय आहे आणि तो लाकडी आहे."

"साहेब, तो नळकांड्याच्या बुडाचा डाग आहे."

"म्हणजे तो नळकांडं पायात घालून पळाला. धूर्त आहे."

केस चढतीला असली की रुपराव शुद्ध बोलत, घसरू लागली की वऱ्हाडी. दुपारपर्यंत शत्रूचा हेर, कन्हानचा भंगारवाला आणि एक कल्हईवाला असे तिघे संशयित झाले. पैकी कल्हईवाला भैय्याजींच्याच अंगणातून निघाला होता, म्हणून त्याला निर्दोष सोडलं.

मग सगळे देवरावाच्या घरी झडतीला गेले. तिथं महालक्ष्म्यांचं जेवण. त्या दिवशी दारात आलेल्याला, मग तो झडतीला का आला असेना, पानावर बसवतात. तिघे बसले. देवरावाची आई कौसल्या लखलखीत उंच गंजातून पळीनं आंबील काढत होती आणि ओठांतल्या ओठांत गात होती:

*पितळेच्या गंजा माझ्या, घासू घासू केलं सोनं,*
*शेजीबाईच्या घरून, आज आलं वं पाव्हणं.*

"सोनं. पाव्हणं," रुपराव तिसरी वाटी पुढे करत पुटपुटले. "टोळी आंतरराष्ट्रीय आहे."

देवराव वडे वाढत त्यांच्याजवळ आला. रुपरावांनी दबक्या आवाजात विचारलं, "नळकांडं कुठे दडवलंस?" देवराव गप्प. "साथीदार कोण?" देवरावानं वडा वाढला.

"मौन म्हणजे कबुली," रुपरावांनी जाहीर केलं. भैय्याजी पानावरून उठत म्हणाले, "जाय जागेश्वर, पोलिसाले बोलाव."

पण जागेश्वरानं पाहिलं होतं: मघाशी उजवीकडून आईनं हळूच हाक मारली, तर देवराव लगेच वळला होता. धाग्याचं टोक तिथं होतं. तो उठला, वळसा घालून देवरावाच्या उजवीकडे गेला.

"देवराव, तोफेचं ते नळकांडं कुठी आहे गा?"

"हे काय. तुमच्या साहेबासमोरच त आहे. त्याच्यातलीच आंबील पेऊन राहिले." मग त्यानं रुपरावांकडे पाहिलं. "साहेब मघापासून माह्या डाव्या कानाशी बोलून राहिले होते काय? तो कान तिकडंच राहिला, तोफेपाशी."

वाढायला आलेल्या मैनाबाई, म्हणजे भैय्याजींच्याच पत्नी, पळी घेऊन पुढे आल्या.

"मीच देलं. यांचे गंज कमी पडले. आपल्या इथं फळीवर धूळ खाऊन राहिलं होतं. चिंचेनं घासलं, आतून कल्हई लावून घेतली."

"अवं, ते रणांगणाची काजळी होती," भैय्याजींचा आवाज चिरकला.

"ते गेली म्हणूनच त दोन वाट्या पेले तुमी."

"मले पयल्या घोटातच वास आलता," रुपराव वऱ्हाडीत म्हणाले.

कौसल्येनं नळकांडं आंबिलीनं काठोकाठ भरलं. "घेऊन जा वं मैनाबाई. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नाही."

"दुसऱ्याचं कुठलं? तुमच्याच लेकाचं आहे. ज्यानं त्याले चोर म्हटलं, त्याच्या फळीवर काहून ठेवायचं?"

भैय्याजींनी एकदा पानातल्या मिठाकडे पाहिलं. मग सरकत सरकत देवरावाच्या उजव्या बाजूला आले आणि कधी नव्हे ते मऊ आवाजात म्हणाले, "देवरावभाऊ, उद्या कर्नलसाहेब येतीन. एका दिवसापुरतं देता काय गा?"

देवरावानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पळी उचलली. मग सावकाश, तोफेचं तोंड फिरवावं तशी मान फिरवली, डावा कान भैय्याजींच्या पुढ्यात आणून ठेवला आणि समोरच्या जागेश्वराला विचारलं,

"आंबील वाढू काय अजून?"