उस्मानचाचांचे कैदी

उस्मानचाचा परकार रोज सकाळी चहाबरोबर कैदी बघतात.

खरेखुरे कैदी. आदल्या रात्री पकडलेले, अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या तुरुंगातले. सौदीतल्या अल-खोबरमध्ये आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चाचांचा फोटो स्टुडिओ आहे. इकाम्याचे, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचे फोटो, पासपोर्टचे फोटो, व्हिसाचे फोटो. मी इथल्या एका दवाखान्यात दातांची डॉक्टर. माझी बस साडेसातला स्टुडिओसमोर येते असं कागदावर आहे, पण बसवाल्यानं तो कागद कधी वाचलेला नाही. त्यामुळे गेली तीन वर्षं माझी सकाळची पंधरावीस मिनिटं चाचांच्या दुकानात जातात. पहिल्या दिवशी मी चहाचा कप हातात घेऊन त्यांच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि कप तसाच खाली ठेवला. पडद्यावर ओळीनं चेहरे होते. सुजलेले डोळे, फुटलेले ओठ, एकाच्या कपाळावर वाळलेलं रक्त. प्रत्येकाखाली नाव, वय, उंची, वजन, गुन्हा आणि जामिनाची रक्कम.

"चाचा, हे काय?"

"यादी," चाचा बशीतला चहा फुंकत म्हणाले. "तिथं रात्र होते तेव्हा इथं सकाळ. रात्रीत पकडलेले आपल्या चहाला ताजे."

मला वाटलं, म्हाताऱ्यानं कुठल्या पोलीस खात्याचं काहीतरी चोरून उघडलंय आणि आता आम्ही दोघंही आत जाणार. पण तसं काही नव्हतं. तो एका काउंटीचा तुरुंग होता; काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखं. तिथला तुरुंगच हे फोटो इंटरनेटवर टाकतो, आणि जगातल्या कोणीही, सकाळी बसची वाट बघणाऱ्या सातारच्या बाईनंही, ते बघावेत. मी हबकलेच. आमच्याकडे कोणाच्या दारात पोलीस आले तर घरची माणसं खिडक्या लावून घेतात. आणि इथे पकडलेल्या बायकांची वजनंसुद्धा जगजाहीर! गुन्हा एकवेळ कळला तर कळला, पण वजन?

चाचांना धक्का बसायचा तो वेगळ्याच गोष्टीचा.

"लाइट बघा, लाइट! एकच टूब, तीपण डोक्यावर. डोळ्यांखाली खड्डे पडणारच. असल्या लाइटमध्ये मशिदीतला पेशइमामपण दरोडेखोर दिसल."

तीस वर्षं या माणसानं लोकांना स्टुलावर बसवून "हनवटी वर, खांदे सैल, श्वास सोडा" एवढंच सांगितलंय. तुरुंगाचा फोटोग्राफर त्यांना आपला नालायक धंदाबंधू वाटायचा. त्यांनी त्या तुरुंगाला एक मेलही धाडली होती. दिवा कुठे लावावा, भिंतीपासून माणूस किती अंतरावर उभा करावा, चष्मा असेल तर काय करावं. उत्तर अर्थातच आलं नाही. पण काही महिन्यांनी फोटोंतली मागची भिंत राखाडीची निळी झाली, तेव्हा चाचांनी मला रस्त्यावरून हाक मारून आत बोलावलं. "पोचली आपली मेल! अजून टूब नाय बदललीनी, पण हळूहळू सुधारतील."

यादीतली नेहमीची गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीची झाली होती. एक तांबूस दाढीवाला होता, तो दर शनिवार-रविवार दारू पिऊन गाडी चालवायचा. "आला आपला दाढीवाला," चाचा म्हणायचे. "ह्याला कोणी घरचं माणूस नाय काय हो?" एक बाई दुकानातून सामान उचलताना सापडायची. "डॉक्टरीणबाई, हिचे दात बघा." मी बघितलं आणि अंगावर काटा आला. माझ्याएवढीच असेल, आणि पुढचे दात काळे पडून झिजून गेलेले. नशेनं जातात असे, मी म्हटलं.  चाचांनी दोन्ही हात वर करून तिच्यासाठी दुवा मागितली. ती कोण, कुठली, देव जाणे.

आणि प्रत्येकाबद्दल त्यांचा एक प्रश्न ठरलेला. जामिनाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारायचे, "ह्याचा कफील कोण?"

सौदीत कफील म्हणजे तुमची जबाबदारी घेणारा. त्याच्या सहीशिवाय नोकरी नाही, इकामा नाही, घरी जायची सुट्टी नाही. चाचांनी पूर्ण आयुष्य कोणाच्या ना कोणाच्या कफालतीत काढलं. तेव्हा माणूस अडकलाय म्हटल्यावर त्याला सोडवणारा कफील कुठेतरी असणारच, ही त्यांची ठाम समजूत. मी दोनदा समजावलं. नंतर नाद सोडला.

एका सकाळी मात्र माझं डोकं उठलं. आदल्या दिवशी एका मुलाची अक्कलदाढ काढताना तासभर झुंजले होते, झोप झाली नव्हती, आणि समोर पुन्हा ते चेहरे. "चाचा, सकाळी सकाळी हे अभद्र कशाला बघता? फुलं बघा, समुद्र बघा!"

चाचा मागे न वळता म्हणाले, "माझा इरफान तिथं हाय."

इरफान त्यांचा एकुलता एक. शिकायला अमेरिकेत गेला, शिक्षण अर्धवट टाकलं, त्या काउंटीत कुठल्याशा लॉजवर कामाला लागला. कळल्यावर चाचांनी फोनवर तोंडाला येईल ते सुनावलं आणि शेवटी म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. पोरानं ऐकलं. नंबर बदलला. मग एके दिवशी तिकडच्या एका भाच्याला इंटरनेटवर इरफानचा असाच फोटो सापडला. परवाना नसताना गाडी चालवली म्हणून पकडलेला. भाच्यानं तो गावच्या जमातीच्या ग्रुपवर टाकला. कोकणातल्या खाडीकाठच्या त्यांच्या गावात घराघरांत तो फोटो फिरला. गावी राहणारी चाची त्या दिवसापासून कोणाच्या लग्नाला गेली नाही. चाचा ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्यांनी त्या तुरुंगाची यादी शोधून काढली. दोन दिवसांत पोरगा सुटला, फोटो उतरला. मी त्या सकाळी चिडले तेव्हा या सगळ्याला दोन वर्षं झाली होती.

मला माझीच लाज वाटली. त्या दिवसापासून मी यादी त्यांच्याबरोबर बघायला लागले. चाचा हळूहळू खाली सरकवत जायचे, मी श्वास रोखून बसायची. यादी संपली की मी म्हणायची, "नाही ना आज? सुटलो बाई!" आणि चाचा मान हलवून चहाचे कप विसळायला जायचे. असं मी सहा महिने रोज म्हटलं. मला वाटे, मी त्यांना धीर देतेय.

मग एकदा कप विसळता विसळता ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एक सांगू काय? रागवू नका. तुम्ही सुटलो म्हणता ना, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडतो."

"अहो, पण तो यादीत नाही म्हणजे चांगलंच ना?"

"चांगला हाय का मेलाय, मला काय ठाऊक? त्याचा फोटो मिळायची एवढीच एक जागा हाय माझ्याकडं."

 बाप रोज सकाळी उठून, वजू करून, नमाज पढून, पोराला अटक व्हावी म्हणून वाट बघतोय! बस येऊन हॉर्न वाजवून गेली तरी मला कळलं नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात तो आला. यादीत सहावा. चाचांनी नुसतं बोट पडद्यावर टेकवलं. आधीच्या प्रकरणात कोर्टाच्या तारखेला गेला नव्हता, म्हणून धरलेला. दाढी वाढलेली, नजर खाली.

"वजन वाचा," चाचा म्हणाले. "पौंडात हाय. किलोत सांगा."

"पासष्ट."

"मागच्या फोटोत अठ्ठावन्न होतं." चाचांचा आवाज फुटला. "सात किलो! सात किलो वाढलंय पोर! कोणतरी जेवण घालतंय त्याला. दात कसे आहेत?"

"तोंड मिटलंय चाचा. दिसत नाहीत."

"मग चांगलेच असतील."

संध्याकाळी मी परत आले तर चाचा जिन्यावर बर्फीचा डबा घेऊन उभे. केरळी वॉचमनला बर्फी, वरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, बिऱ्हाडाला बर्फी. मिसरी गृहस्थांनी "मबरूक, मबरूक" म्हणत अभिनंदन करून त्यांना मिठी मारली. "मुलाची खबर आली," चाचा सगळ्यांना सांगत होते. काय खबर ते मला एकटीलाच ठाऊक होतं. बर्फी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

त्या तुरुंगात नातेवाइकांना कॉम्प्युटरवरून भेट मागता येते, हे मीच शोधलं. अर्ज भरायला बसलो. फोटो हवा होता. हजारो लोकांचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा फोटो मी काढायचा! अकरा वेळा काढून घेतला त्यांनी, आणि प्रत्येक वेळी चूक माझी. मग नात्याचा रकाना आला.

"कफील लिवा," चाचा म्हणाले.

"चाचा, वडील लिहिते."

"बाप लिहून सोडतात काय कोणाला? कफील लिवा."

मी वडील लिहिलं. ते नाराज झाले, पण इंग्रजी माझ्या हातात होतं.

गुरुवारी संध्याकाळी पाचची वेळ मिळाली, तिथली सकाळ. चाचांनी दुपारीच दुकान बंद केलं, इस्त्रीचा शर्ट घातला, अत्तर लावलं. स्वतःवर दोन दिवे असे लावले की चेहऱ्यावर कुठे सावली पडू नये. बाजूला बसून मी बटणं दाबत होते. पडद्यावर 'थांबा' आलं. दहा मिनिटं तेच. चाचा ताठ बसून होते, पापणीसुद्धा लववत नव्हते. मग एक ओळ उमटली: कैद्यानं भेट नाकारली आहे.

नेट गेलं, असं सांगावं वाटलं. पण मला खोटं बोलता येत नाही, माझे पेशंटसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून ओळखतात की आता दुखणार. मी ओळ वाचून दाखवली.

"कोणी नाकारलीन? जेलरनं?"

"नाही चाचा. इरफाननं."

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. 

"त्याला काय म्हणून विचारलंनी असल?"

"तुमचं नाव सांगून. उस्मान परकार, वडील. भेटणार का, म्हणून."

"म्हणजे कोणतरी त्याच्या कोठडीपाशी गेलं आणि बोललं, तुझा बाप आलाय."

"हो."

"आणि मग तो नाय म्हणाला."

"हो, चाचा."

चाचा खुर्चीत थोडे मागे टेकले. आणि मग, मी अजूनही सांगताना अडखळते, त्यांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान पसरलं.

"अर्ज परत भरा डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "रोजचा भरा. नाय म्हणू दे त्याला, काय जातंय? नाय म्हणायला तरी रोज माझं नाव ऐकल."