कपाच्या कानात बोट

कृपादानचं बोट कपाच्या कानात अडकलं ते अडकलंच.

कप त्यानंच आखलेला. गुजरातेतल्या क्रॉकरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यानं कपबश्यांची डिझाइनं केली. हा बारीक कान बायकोच्या, हन्नाच्या बोटाचं माप घेऊन काढलेला. हन्ना दोन वर्षांपूर्वी गेली आणि सहा महिन्यांपूर्वी कृपादान एकटाच आपल्या गावी, कोल्हारला परतला. तेव्हापासून कुणी "या चहाला" म्हणालं नव्हतं. भिंतींशी तरी किती बोलायचं माणसानं? आज शेजारच्या मालनबाईंनी बोलावलं, समोर आपलाच कप दिसला, आणि लाडानं त्यानं बोट आत सरकवलं. झालं! आता पुन्हा कोण बोलावतंय?

"द्या भाऊ कप," मालनबाई म्हणाल्या.

"राहू द्या, मीच विसळतो."

"अवो, पाव्हण्यानं कप इसळायचा व्हय?" म्हणत त्यांनी कप ओढला. कपामागोमाग कृपादानही खुर्चीतून उठला.

"अगं बया! आवो, तेल आना!"

त्यांचे यजमान सहादेव गोडंतेल घेऊन धावले. मग साबण झाला, मग दोरा झाला. बोट रताळ्याएवढं सुजलं.

"कुन्या येड्यानं केलाय ह्यो कान?" सहादेव घाम पुसत म्हणाले. "त्याला एकदा चहाला बोलवाय पायजे!"

"येईल की तो," कृपादान पुटपुटला.

सहादेवांनी पक्कड काढली तसा तो ओरडला, "नको! सहाचा सेट मोडेल!"

"मोडू द्या," मालनबाई म्हणाल्या. "बोट काय दुकानात मिळतंय?"

कट्! कान तुटला, बोट सुटलं, आणि कृपादान मान खाली घालून घरी गेला. तीन दिवस त्यानं त्या दारावरून जायचंही टाळलं.

चौथ्या दिवशी सहादेव त्याला हाताला धरूनच घेऊन आले. मालनबाईंनी चहा पुढं केला, तो स्टीलच्या पेल्यात. कृपादानचा चेहरा पडला. कपाटात पाच कप धडधाकट होते, पण आपल्यावर आता कोण विश्वास ठेवणार?

"ताई, कपात दिला तरी चालेल," तो चाचरत म्हणाला. "कानात बोट नाही घालणार."

"कप पाव्हण्यांला हायेत," मालनबाई म्हणाल्या आणि स्वतःचा पेला घेऊन शेजारी टेकल्या. सहादेव तर तसल्याच पेल्यातून केव्हाचे भुरके मारत होते. "तुमी घरचे. घरात समदी पेल्यातच पेत्यात."

पेला चांगलाच पोळत होता. कृपादाननं तो खाली ठेवला नाही.