राजाचा ‘तू’

ती चिठ्ठी उघडून मी तशीच डब्यात परत टाकली असती, तर आज ऑफिसात मान वर करून फिरलो असतो. पण त्या दुपारी मला झापड आली होती (दुपारी ती येतेच, आवक-जावक टेबलावर जागा राहणारा कारकून अजून जन्मायचाय). हेडक्लार्कनी भूमिकांच्या चिठ्ठ्यांचा डबा पुढे केला, मी हात घातला आणि ऑफिसच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाचा राजा झालो.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं, इंग्रजी. भाषांतर हेडक्लार्कचं. त्यात राजा काव्यात बोलतो आणि नोकर गद्यात. (गरिबाला यमक तेव्हाही परवडत नसावं.) इथवर सगळं ठीक होतं. मग साहेबांनी आपली चिठ्ठी उघडली. नोकर!

“कलेत लहानमोठं काही नसतं,” साहेब म्हणाले. अशा आवाजात, की आम्ही सगळे उठून उभे राहिलो.

माझं वाक्य होतं, “शिणले युद्धी राजाचे या प्राण, जा रे सेवका, तू पाणी आण!”

हल्लीच्या इंग्रजीचं बरं आहे. राजाही ‘यू’ आणि रंकही ‘यू’. मराठीत साहेबांना ‘तू’ म्हणायला वाघाचं काळीज लागतं. बावीस वर्षं मी त्यांना ‘आपण’ म्हणत आलोय. तालमीत तोंडून निघालं, “जा रे सेवका, आपण पाणी आणावं!” हेडक्लार्कनी कपाळावर हात मारून घेतला. त्यांचं यमकही गेलं.

पण खरं सांगतो, मला ते ‘तू’ म्हणायचं होतं. जन्मात एकदाच. त्या दिवसांत टपाल फोडता फोडता मी कुठल्याकुठे जायचो. खिडकीतलं ऊन टेबलावर उतरायचं, माझ्या खुर्चीची पाठ उंच होत जायची, पाकिटांवरचे शिक्के राजमुद्रा व्हायचे आणि साहेब लांबून, अगदी लांबून, पाण्याचा पेला घेऊन चालत यायचे. पोचायचे मात्र कधीच नाहीत. (अशा तंद्रीत एकदा मी साहेबांच्याच रजेच्या अर्जावर ‘मंजूर’ असा शिक्का मारला.)

शेवटी बायकोनं युक्ती काढली.

“मला ‘तू’ म्हणताना तुमची बोबडी वळते का?”

“छे!”

“मग साहेबांच्या जागी मी आहे असं समजा.”

आठवडाभर पुठ्ठ्याचा मुकुट घालून मी स्वयंपाकघरात तालीम केली. ती भांडी विसळता विसळता “जी महाराज” म्हणायची. सतरा वर्षांच्या संसारात ‘जी’ पहिल्यांदाच ऐकत होतो. मला ते फार आवडलं.

प्रयोगाला हॉल गच्च भरला होता. दिवे लागले. साहेब खाली मान घालून समोर उभे. मी डोळे मिटले, बायकोला आठवलं आणि डोळे उघडले. समोर बायकोच! काय गोड दिसत होती! बावीस वर्षांचं ‘तू’ छातीत भरून आलं आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो,

“अगं ए, ऐकतेस का? जरा पाणी आणतेस?”

साहेब दचकले. पण सवय ती सवय.

“आणतो गं, आणतो!”

सगळा हॉल खो खो हसत सुटला. त्या हसण्याच्याही वर तिसऱ्या रांगेतून बायकोचा आवाज आला, “दुसऱ्यांना काय सांगता? उठून घ्या की!”

मी उठलो. (सिंहासनावरून इतक्या चटकन कुठलाच राजा उतरला नसेल.) कोपऱ्यातल्या जगमधून पाणी ओतलं आणि पहिला पेला अदबीनं साहेबांच्या हातात दिला. पडदा पाडावा लागला.

पडद्यामागे मी मुकुट काढून उभा राहिलो. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो. साहेब आले. हसून की कशानं कोण जाणे, त्यांचे डोळे ओले होते.

“घरोघरी मातीच्या चुली,” ते म्हणाले. “ऑफिसात मला कुणी घरच्यासारखी हाकच मारत नाही रे. जो तो नुसता ‘आपण, आपण’. आजपासून तू मला ‘तू’ म्हणायचं. अगदी बिनधास्त!”

बावीस वर्षं वाट पाहिलेला क्षण आपल्या पायांनी चालत आला होता. मी छाती भरून श्वास घेतला.

“आपण म्हणाल तसं, साहेब,” मी म्हणालो.