मुख्य प्रवासी

"सर, मुख्य प्रवासी कोण?" फोनवरच्या बाईने विचारलं.

"मीच की!" घड्याळजी म्हणाला. "घरातला मुख्य मी, मग विमानातला काय शेजारी असणार?"

घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला स्वतःचं नाव पहिलं लिहायची खोड होती. दारावरच्या पाटीवर तोच पहिला. ज्या धुलाई यंत्राला त्याने आयुष्यात बोट लावलं नव्हतं, त्याच्या हमीपत्रावरही तोच. मग विमान कंपनीने 'जोडीने उडा' अशी योजना काढली, एकाचं पूर्ण तिकीट आणि सोबत्याचं अर्ध्या दरात, तेव्हा वर कोणाचं नाव गेलं हे वेगळं सांगायला नको. बायको खाली, 'सहप्रवासी'.

खरं तर लेकीच्या बाळंतपणाला जाणार होती ती बायकोच. घड्याळजी नुसता जोडी पुरी करायला.

त्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन आला होता. डॉक्टर म्हणतात, बाळ तिकिटाच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. जावई जहाजावर, कुठल्यातरी समुद्राच्या मधोमध. "आईला लगेच पाठवा," एवढंच बोलून ती रडायला लागली.

"तारीख बदलून द्या, उद्याची," घड्याळजीने फोनवरच्या बाईला फर्मावलं.

"उद्या एकच जागा शिल्लक आहे, सर. मुख्य प्रवाशाची तारीख बदलता येते. सहप्रवाशाची येत नाही."

"अहो, थांबा," बायको मागून म्हणाली. "ती एक जागा आहे ना, तिचं मला नवीन तिकीट—"

"तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं काय कळतं?" आणि फोनमध्ये, "माझं बदला. तिचं येईल मागोमाग. इंजिन हललं की डबा हलतोच."

"नक्की करू, सर?"

"करा!"

"झालं. आपण उद्या सकाळी निघताय. सहप्रवाशाचं तिकीट रद्द झालंय."

"रद्द? कशानं?"

"मुख्य प्रवासीच त्या विमानात नाही, सर."

"मग तिला उद्याच्या विमानात घ्या."

"जागा नाही. एकच होती."

"ती कुठे गेली?"

"आपल्याला दिली."

घड्याळजीने बायकोकडे पाहिलं. बायको भिंतीकडे बघत होती.

"मग माझ्या जागेवर तिचं नाव घाला."

"नाव बदलता येत नाही."

"मग माझं रद्द करा आणि ती जागा तिला विका!"

"रद्द केलेली जागा आधी थांबलेल्या लोकांना जाते, सर. भरपूर लोक थांबलेत. पुढचा आठवडाही भरलाय."

अशा योजना काढणारी माणसं स्वतःच्या आईला कुठे पोचवत असतील तर शपथ! घड्याळजीने डोकं धरलं. घड्याळ उघडलं की निदान दिसतं तरी, कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतंय ते. इथे जिची गरज ती जाऊ शकत नव्हती, आणि ज्याचा काडीचा उपयोग नाही त्याला खिडकीजवळची जागा मिळाली होती. मध्ये समुद्र, आणि तिकडे जाणारं विमान याच एका कंपनीचं. चालत जायचीही सोय नाही.

"आता?" त्याने विचारलं.

"आता तुम्ही जा," बायको म्हणाली आणि बॅगेतल्या आपल्या साड्या काढून त्याचे पायजमे भरायला लागली. "झबली, दुपटी खालच्या कप्प्यात आहेत. फोन जवळ ठेवा."

दुसऱ्या दिवशी लेकीने दार उघडलं. आधी बापाकडे, मग बापाच्या मागे पाहिलं. "बाबा, आई कुठंय?"

"सहप्रवासी रद्द झाला," घड्याळजी म्हणाला.

लेकीला हसावं की रडावं कळेना. मग कळाच सुरू झाल्या, तेव्हा तो प्रश्न मिटला.

दवाखान्यातून घरी आल्यावर घड्याळजीचं जगणं फोनवर चालू झालं. पाणी किती कोमट? ढेकर कशी काढायची? लंगोटाची गाठ पुढे की मागे? बायको तिकडून सांगायची, तो इकडे करायचा. पहिल्यांदा त्याने लंगोट बांधला तो बाळाने लगेच सोडवला. पण बारीक कामाला सरावलेली बोटं होती, हळूहळू जमायला लागलं. लेक निवांत झोपायला लागली.

एका दुपारी बाळ त्याच्या छातीवर नुकतंच झोपलं होतं, आणि फोन थरथरला.

"अहो, कंपनीवाल्यांचा फोन आला होता. त्यांना दया आली. माझं तिकीट पुन्हा चालू करतील."

"मग ये की! आजच ये!" तो कुजबुजला.

"एक अट आहे. मुख्य प्रवासी सोबत पाहिजे. म्हणजे तुम्ही इकडे यायचं, मला घ्यायचं आणि परत तिकडे जायचं."

घड्याळजीने हे मनात सुलटं लावून पाहिलं, उलटं लावून पाहिलं. कुठूनच बसेना.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, मुख्य प्रवासी कामात आहेत."

"आणि तुझा आवाज असा काय येतोय?"

"आडवी पडलेय."

"भर दुपारी?"

"हो. आज पंख्याखाली. काल खिडकीपाशी पडले होते."

लग्नापासून ही बाई दुपारी आडवी पडलेली त्याने पाहिली नव्हती. तुला खरंच यायचं होतं ना, असं विचारायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात बाळ चुळबुळलं, आणि मुख्य प्रवाशाने श्वास रोखून धरला.